युरोपच्या पानगळीत ९ रात्री: लेयरिंग, एक बॅग आणि सासूबाईंच्या साड्या

ताई, आधी तुमचा प्रश्न परत मांडते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. ऑक्टोबरच्या मध्याला तुम्ही, मिस्टर आणि सासूबाई असे तिघं कोल्हापुरातनं प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट करणार, ९ रात्री, माणशी एक मोठी बॅग, थंडीची सवय कुणालाच नाही, फोटो छान आले पाहिजेत आणि सासूबाई साडीशिवाय दुसरं काही घालणार नाहीत. तर कपडे काय न्यायचे आणि एका बॅगेत बसवायचे कसे.

मी राजारामपुरीत २२ वर्षं लेडीज टेलरिंग करते. टूरला जाणाऱ्या बायका आधी फक्त कोट अल्टर करायला यायच्या, मग हळूहळू अख्खी बॅगच घेऊन यायला लागल्या की काकू जरा बघा यातलं काय ठेवू. स्वतः याच दिवसांत तीनदा जाऊन आले, त्यातल्या दोन ट्रिपा याच तीन शहरांच्या. त्यामुळं उत्तर मोठं होणार, चहा घेऊन बसा.

आपल्याकडं ऑक्टोबर म्हणजे हीट. घटस्थापनेला घाम, दसऱ्याला घाम, त्यामुळं थंडीचे कपडे म्हटलं की डोळ्यासमोर एकच चित्र येतं, महाबळेश्वरला घातलेला जाडजूड स्वेटर नाहीतर फुगीर जॅकेट. तिथं ऑक्टोबरच्या मध्याला साधारण असं असतं, प्रागला दुपारी १३-१४ डिग्री आणि सकाळी ५-६, व्हिएन्नाला एखादा डिग्री जास्त, बुडापेस्टला चांगलं ऊन असलं तर १६-१७ पर्यंत. ही काही कडाक्याची थंडी नव्हे, पण एका दिवसात ती चार रंग दाखवते. सकाळी प्रागच्या चार्ल्स ब्रिजवर नदीवरनं येणारं वारं कानात शिरतं, अकराला मस्त ऊन पडतं, दुपारी ट्राममध्ये नाहीतर म्युझियममध्ये गेलं की हीटर चालू, २०-२२ डिग्री, आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला सूर्य बुडला की परत गार. दिवसातनं सात-आठ वेळा तुम्ही काहीतरी काढणार आणि परत चढवणार. एकच जाड जॅकेट असलं की आत घामाघूम आणि काढलं की कुडकुड, मधलं काहीच हातात राहत नाही.

आता टेलर म्हणून जे सांगायचंय ते सांगते. लेयरिंगमध्ये, म्हणजे एकावर एक थर घालण्यात, बायका कपडे चुकीचे निवडत नाहीत, चुकतात त्या मापात. ऊब कपड्यापेक्षा जास्त दोन कपड्यांच्या मध्ये अडकलेल्या हवेची असते. दोन पातळ कपडे एका जाड कपड्यापेक्षा गरम का वाटतात तर मध्ये हवा साठते म्हणून. पण तुम्ही कुर्ता टाइट, त्यावर स्वेटर टाइट आणि त्यावर लग्नाला शिवलेला फिटिंगचा ब्लेझर असं कोंबलं तर ती हवा दाबून बाहेर जाते, थंडी वाजते ती वाजतेच आणि वर काखेत गोळा होऊन माणूस दोन किलो जाड दिसतं. म्हणजे ऊब आणि दिसणं दोन्ही एकाच ठिकाणी बिघडतं, मापात. आतनं बाहेर जाताना माप पायरीपायरीनं वाढलं पाहिजे. समजा छाती ३६ आहे, तर अंगालगतचा ताणणारा टी-शर्ट ३६ चालेल, त्यावरचा कुर्ता नाहीतर स्वेटर ३९ पर्यंत पाहिजे आणि कोट ४२ च्या खाली नको. छातीपेक्षाही जास्त बघायचा तो मुंढा, म्हणजे बाही जिथं जोडतात ती गोलाई. कोटाचा मुंढा आतल्या कपड्याच्या मुंढ्यापेक्षा गोलाईत निदान दीड इंच मोठा नसला की बाही वर चढते आणि खांद्यावर सुरकुत्या पडतात.

हे मी दुकानात कसं बघते ते सांगते, घरी आरशासमोर करा. तिन्ही थर अंगावर घालायचे, बटणं लावायची आणि उजवा हात ट्रामची कडी धरल्यासारखा सरळ वर करायचा. गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाला असंच उभं केलं. कोट नवा, दिसायला भारी, किमतीनंही भारी. हात वर केला तर कोटाची अख्खी खालची कड चार बोटं वर आली, आतला कुर्ता कोटाखालनं लोंबायला लागला, मनगटापासनं वीतभर हात उघडा पडला आणि पाठीत मधल्या शिवणीवर ताण आला तो नुसता डोळ्यांना दिसत होता. मग दोन्ही हात पुढं करून मिठी मारल्यासारखं करायला लावलं, तर शिवणीचे टाके कुरकुरले. नशीब की आत मार्जिन, म्हणजे शिवणीत दुमडलेलं जास्तीचं कापड होतं, बाजूच्या शिवणी उसवून पाऊण-पाऊण इंच सोडलं, मुंढा खाली घेतला, काम झालं. रेडिमेडमध्ये बऱ्याचदा हे मार्जिनच नसतं, म्हणून विकत घेताना आतली शिवण उलटून बघायची आणि ट्रायल घ्यायची ती सोबत नेलेला स्वेटर आत घालूनच. उन्हाळी टॉपवर कोट घालून बघितला की तो हमखास फसवतो.

दुसरी गोष्ट पण तितकीच महत्त्वाची, प्रत्येक थर एकटा घातला तरी चारचौघांत बसता आलं पाहिजे. आपल्याकडं थर्मल म्हणून जे मिळतं ते बदामी नाहीतर राखाडी, गळ्याला लेस, सरळसरळ आतला कपडा वाटतो. व्हिएन्नाच्या कॅफेत कोट काढला, थोड्या वेळानं उकडायला लागलं म्हणून स्वेटर काढावा म्हटलं तर आत ते बदामी थर्मल, मग बाई काढत नाही आणि तशीच उकडत बसते. म्हणून अंगालगतचा थर काळा, वाइन, गडद हिरवा असा रंगाचा, साध्या गोल नाहीतर हाय नेक गळ्याचा घ्या, जो जीन्सवर नुसता घातला तरी टॉप दिसेल.

कापड. इथं आपल्या भागातलंच उदाहरण देते. पावसात मेंढरं घेऊन उभा असलेला धनगर बघितलाय ना, खांद्यावर घोंगडी, चिंब भिजलेली, तरी तो उभा असतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्के ओल आत घेते तरी हाताला ओली लागत नाही, आणि भिजली तरी तिच्या तंतूंना कुरळेपणा असतो त्यामुळं आत हवा टिकते. सुती कापड याच्या एकदम उलट, ओल धरून ठेवतं आणि अंगाला चिकटून उलट गार करतं. घोंगडीची लोकर जाड म्हणून टोचते. मेरिनो म्हणून जी मिळते तिचा तंतू बारीक, २० मायक्रॉनच्या आसपास, ती टोचत नाही. लेबलवर १५० ते २०० जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) असलेलं घ्या, तेवढं पुरेसं आहे. महाग पडतं हे खरं आहे, पण माणशी दोन पुरतात, कारण लोकरीला घामाचा वास लवकर लागत नाही, रात्री हँगरला टांगलं की सकाळी परत घालण्यासारखं होतं. बजेट नसेल तर पॉलिस्टर-व्हिस्कोसचं निटवेअर चालेल, पण अंगालगत शंभर टक्के कॉटन नको.

जीन्सबद्दलही हेच. पहिल्या ट्रिपला मी दोन जीन्स घेऊन गेले होते. प्रागला दुसऱ्या दिवशी रिमझिम लागली, गुडघ्यापर्यंत ओली झाली, मांडीला गार फडकं गुंडाळल्यासारखं वाटत होतं आणि हॉटेलच्या रेडिएटरवर टाकून सुद्धा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कमरेची पट्टी दमटच. उरलेली एकच जीन्स बाकीचे दिवस घातली. तेव्हापासून मी एकच जीन्स नेते आणि बाकी दोन बॉटम अशा की ज्या रात्रीत वाळतात, एक पॉली-व्हिस्कोसची सरळ कटची ट्राउझर, एक जाड पोन्टे निटची पँट. पोन्टे मागितलं की दुकानदार देतात, लेगिंगपेक्षा जाड असतं, गुडघ्याला फुगत नाही आणि इस्त्री लागत नाही.

फोटोंचं म्हणाल तर ही गोष्ट ऐका. माझी एक गिऱ्हाईक सात ड्रेस घेऊन गेली, प्रत्येकाला मॅचिंग दुपट्टा, मॅचिंग चप्पल, आणि वर एक काळं फुगीर जॅकेट. परत आल्यावर फोटो दाखवायला आली तर दोनशे फोटोंत एकच काळं जॅकेट आणि वर तिचं तोंड. सात ड्रेस जॅकेटच्या आतच फिरून आले. बिचारी इतकी हळहळली की मलाच वाईट वाटलं. बाहेर काढलेल्या फोटोत तुमचा ड्रेस म्हणजे तुमचा कोट, हे धरूनच बॅग भरायची. म्हणजे पैसे आणि डोकं कोटावर जास्त लावायचं, आणि रोज वेगळं दिसायला तोंडाजवळची गोष्ट बदलायची. तीन स्टोल, दोन टोप्या, कानातले. कोट उघडा ठेवला की आतली उभी पट्टी दिसते, तेवढ्या पट्टीत रंग बदलला की फोटो बदलतो. आईची जुनी रेशमी साडी जीर्ण झाली असेल तर पदर आणि काठ वाचवून त्याचा स्टोल करा, आतनं पातळ लोकरी कापड लावून. इतका सुंदर दिसतो की तिथं लोक थांबवून विचारतात, माझ्या मोरपंखी स्टोलला तर ट्राममध्ये एका आजींनी हात लावून बघितलं होतं.

कोटाचा रंग काळा नको असं माझं स्पष्ट मत आहे. सगळे काळाच घेतात कारण मळत नाही, पण संध्याकाळी सहानंतरच्या फोटोत काळा कोट मागच्या अंधारात विरघळून जातो, नुसता चेहरा तरंगतो. तुमची ट्रिप पुढं ढकलली गेली आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार उलटला तर अजून बघा, त्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागं जातात आणि मग साडेचार-पावणेपाचलाच सूर्य बुडतो. झाडं त्या दिवसांत पिवळी-तांबूस असतात, इमारती बऱ्याचशा क्रीम, फिक्या पिवळ्या, गुलाबी. त्यावर बदामी, विटकरी, आमसुली, शेवाळी हे रंग उठून दिसतात. माझ्या मते आपल्या रंगाला आमसुली सगळ्यात भारी. कोट बदामी घेतलात तर आतले थर आमसुली आणि गडद हिरवे, बॉटम नेव्ही आणि तपकिरी, आणि एखादाच भडक रंग, राणी नाहीतर चिंतामणी, तो स्टोलमध्ये. एवढ्याच रंगांत राहिलात की कुठलाही टॉप कुठल्याही पँटवर जातो, डाग पडला तरी अख्खा सेट बाद होत नाही. मॅचिंग सेट नेण्यातला तोटा हाच आहे, एकावर सूप सांडलं की तीन वस्तू बॅगेत नुसत्या ओझं.

कोट शिवायचा की विकत घ्यायचा? आपल्याकडं लोकरी कोट रेडिमेड फार थोडे येतात, पुण्या-मुंबईत किंवा ऑनलाइन बरे मिळतात पण मग ट्रायलचा प्रश्न. शिवायचा असेल तर मी लेडीज टेलर असून सांगते, कोट जेन्ट्स टेलरकडनं शिवून घ्या, जे लग्नाचे ब्लेझर-सूट शिवतात त्यांच्याकडनं. कॅनव्हास, म्हणजे आतलं ताठ कापड, कसं बसवायचं, कॉलर कशी वळवायची, बाही मुंढ्यात कशी भरायची हा त्यांच्या रोजच्या हातातला विषय आहे, आमच्यापैकी फार थोड्यांना ते नीट जमतं. पुरुषांच्या सुटिंगमधलं लोकर मिक्स कापड घ्या, ५८ इंची पन्हा असला तर गुडघ्यापर्यंतच्या कोटाला अडीच ते पावणेतीन मीटर लागतं. आणि अस्तर नक्की लावायला सांगा, बाहीत सुद्धा, गुळगुळीत सॅटिन किंवा टॅफेटाचं. अस्तर नसलेला कोट स्वेटरवर घासत चढतो, आतली बाही कोपरापर्यंत गोळा होते आणि प्रत्येक वेळी आत बोटं घालून ती खाली ओढत बसावं लागतं. दिवसात आठ वेळा कोट काढणार-घालणार म्हटल्यावर अस्तर किती कामाचं ते कळेल. कोटाची उंची गुडघ्याच्या दोन बोटं वर. त्यापेक्षा लांब कोट ट्रामच्या पायरीवर आणि जिन्यात पायात येतो.

कोटाबरोबर एक पातळ रेनजॅकेट लागतंच, मुठीत मावेल असं, टोपीवालं. पाऊस आणि वारं अडवायचं काम लोकरीपेक्षा ते चांगलं करतं. पण ते एवढं मोठं घ्या की स्वेटरवर जाईल. बुडापेस्टला रात्री बोटीतनं पार्लमेंटची रोषणाई बघायला जाल तेव्हा वरच्या डेकवर उभं राहायला कोटाच्या आत हे जॅकेट घाला, वारं आत शिरत नाही आणि बाहेरनं कोटच दिसतो.

मधल्या थरात आपलं काहीतरी असू दे असं मला मनापासनं वाटतं. खणाचं बिनबाह्यांचं जॅकेट ही एकदम बेस्ट गोष्ट आहे, काळ्या हाय नेकवर, सरळ ट्राउझरवर. बाही नसल्यामुळं काखेत गर्दी होत नाही, छातीला एक थर मिळतो, वजन काही नाही आणि कोट काढला की सगळ्यांच्या नजरा तिकडंच. आतनं पातळ फ्लॅनेलचं अस्तर घालून घ्या. ऑपेराला जाणार असाल तर तिथं कोट बाहेर गार्डरोबलाच जमा करावा लागतो, म्हणजे संध्याकाळभर तुम्ही मधल्या थरावरच असणार, तेव्हा तो नेहमीचा बोळा झालेला कार्डिगन असून चालत नाही.

तर तुमच्यासाठी आकडा सांगायचा तर, अंगालगतचे ४ (दोन मेरिनो, दोन साधे), मधले ३ म्हणजे एक पातळ लोकरी स्वेटर, एक खणाचं जॅकेट, एक लांब कुर्ता, बॉटम ३, कोट १, रेनजॅकेट १, एक थर्मल लेगिंग. बास. ४ टॉप, ३ मधले, ३ बॉटम यांचेच ३६ जोड होतात, तुमच्याकडं दिवस ९ आहेत. बुडापेस्टच्या गरम पाण्याच्या कुंडांत जायचं असेल तर स्विमसूट आणि रबरी स्लिपर, तिथं स्लिपर लागतेच आणि हॉटेलात पण तीच कामाला येते.

आता सासूबाई. यावर मला जास्त बोलायचंय कारण साडीवाल्या बायकांचं कुणी बघतच नाही, टूरवाले सांगतात काकू तेवढे दिवस ड्रेस घाला आणि विषय संपवतात. ज्या बाईनं पन्नास वर्षं साडीच नेसली तिला परक्या देशात पँटमध्ये चालायला लावलं की ती सगळी ट्रिप अवघडून फिरते, फोटोत मागं लपते. साडीत लेयरिंग उत्तम होतं, खरं तर साडी हाच पाच-सहा वारांचा थर आहे.

खालनं सुरुवात करू. परकराच्या आत मेरिनो किंवा फ्लीसची लेगिंग, घोट्यापर्यंत. वर सुती परकर घातला की तो लेगिंगवर चढतो, चालताना गुडघ्यात गोळा होतो, म्हणून परकर सॅटिनचा पाहिजे, घसरत खाली राहतो. पण तिथली हवा हीटरमुळं कोरडी असते त्यामुळं सॅटिन अंगाला चिकटून चटचट करतं, त्याला उपाय म्हणजे सकाळी पायांना नीट लोशन लावायचं आणि परकरावरनं ओला हात फिरवायचा. नाडीऐवजी रुंद इलॅस्टिक घालून द्या. लेगिंगचं इलॅस्टिक, वर नाडी, वर साडीचं खोचणं, एवढं सगळं कमरेला आवळून त्यांना दिवसभर चालवू नका. आणि बाथरूमला जाताना नाडीची गाठ गार बोटांनी सुटत नाही हे मी माझ्या आईच्या बाबतीत बघितलंय.

ब्लाउजच्या जागी लांब बाहीचा हाय नेक किंवा गोल गळ्याचा बारीक लोकरी टॉप, कमरेपर्यंत, साडीच्या रंगाचा. त्याच्या आत नेहमीचं ब्लाउज घालू नका, दोन मुंढे एकावर एक काचतात. ज्यांना ब्लाउजशिवाय चुकल्यासारखं वाटतं त्यांच्यासाठी मी असा टॉप पुढनं हुक लावून ब्लाउजसारखा शिवून देते, फक्त उंची जास्त ठेवते म्हणजे पोट-पाठ झाकते, खरी थंडी तिथनंच शिरते. साड्या चारच. क्रेप, जॉर्जेट किंवा सॉफ्ट सिल्क, स्टार्चची सुती एकही नको, ओली झाली की पायात अडकते आणि हॉटेलात वाळत नाही. फॉलच्या जागी तळाला पाणी लागणारच, तेव्हा नेसताना रोजच्यापेक्षा एक-दीड इंच वर नेसायची, बूट दिसला तरी चालेल. प्रागचे रस्ते दगडी आहेत, चौकोनी दगडांचे, पावसात निसरडे, निऱ्या टाचेखाली आल्या तर पडायची भीती. पदर उजव्या बाजूनं पुढं घेऊन कमरेला खोचायचा आणि मग वर कोट. मोकळा पदर कोटाच्या खालनं लोंबतो, ट्रामच्या दारात अडकतो. कोट काढल्यावर पदर सोडला की साडी परत साडी.

त्यांचा कोट मात्र तुमच्यासारखा सरळ कटचा नको. साडीला कमरेखाली घेर जास्त, म्हणून कमरेपासनं खाली थोडा मोकळा होत जाणारा पाहिजे आणि माप घेताना त्यांना साडी, लेगिंग, टॉप सगळं घालूनच उभं करायचं. बटणं मोठी, बोटांना सापडतील अशी, चारच. खिसे खोल.

बुटांचं. आपल्याला कोल्हापुरीचा अभिमान आहे आणि असलाच पाहिजे, २०१९ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, पण ती चप्पल कोरड्या जमिनीसाठी आहे. बाभळीची साल, हिरडा यात कमावलेलं चामडं, ते पाणी पितं, तळ फुगतो आणि ओल्या दगडावर सरकतो. न्यायचीच असेल तर एक जोड ऑपेराच्या संध्याकाळी, पाऊस नसला तर. बाकी दोन जोड, एक घोट्यापर्यंतचा रबरी तळाचा बूट आणि एक चालायचा शूज, जड तो प्रवासात पायात. घेताना जाड मोजे घालून घ्या, अर्धा नंबर मोठा लागतो. आणि नवा बूट नेऊ नका, जायच्या आधी तीन आठवडे रोज रंकाळ्याला एक फेरी त्याच बुटात, आणि एका रविवारी पहाटे पन्हाळ्यावर सगळा सेट घालून जा, ऑक्टोबरमध्ये वर धुकं आणि वारं असतं. थंडी तिथं मिळणार नाही पण कुठं टोचतंय, कुठं चढतंय ते कळतं. दुसरी ट्रायल रात्रीच्या एसी गाडीत, मुंबईला जाताय ना, त्या एसीत लेयर काढायची-घालायची सवय सासूबाईंना तिथंच होऊ दे.

बॅग भरताना कोट आणि जड बूट अंगावर, हे ठरलेलंच. निटचे कपडे गुंडाळायचे, शिवलेले कपडे घडी करून वर, प्रत्येक घडीच्या आत पातळ प्लॅस्टिकची पिशवी, म्हणजे घडी घसरते आणि चुरगळत नाही. हवा काढायच्या व्हॅक्यूम पिशव्या मला आवडत नाहीत, बॅग लहान दिसते म्हणून माणूस अजून भरतं आणि वजन तेवढंच राहतं, लोकर पण चेपते. मोजे बुटांत. मसाल्याचा डबा, भडंग, चटणी हे दोन पिशव्यांत घट्ट बांधून दुसऱ्याच बॅगेत, लोकर वास पटकन धरते आणि मग आठ दिवस कोटाला कांदा-लसणाचा वास. पेढे, बर्फी मात्र घेऊ नका, युरोपात बाहेरनं दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. आणि कोल्हापूर-मुंबई विमानानं जाणार असाल आणि ते तिकीट वेगळं काढलेलं असेल तर देशातल्या विमानाला साधारण १५ किलोच चालतं, पुढं २३ असले तरी. त्यापेक्षा महालक्ष्मी एक्स्प्रेसनं गेलेलं बरं.

धुणं रोज रात्री बेसिनमध्ये, एखादाच टॉप. पिळायचा नाही, कोरड्या टॉवेलवर पसरायचा, टॉवेलसकट गुंडाळी करायची आणि त्यावर पाय देऊन उभं राहायचं. निम्मं पाणी टॉवेलात जातं, सकाळी वाळलेलं असतं.

मिस्टरांचं सोपं आहे, दोन मेरिनो टी-शर्ट, तीन शर्ट, एक पातळ व्ही गळ्याचा स्वेटर, त्यांचा ब्लेझर एक नंबर मोठा असेल तर तोच, नाहीतर जॅकेट. शर्टाची कॉलर स्वेटरच्या बाहेर यायला पाहिजे एवढंच बघा.

वेळेचं मात्र मनावर घ्या. तुमची ट्रिप ऑक्टोबरच्या मध्यात म्हणजे नवरात्र-दसऱ्याच्या आगेमागे, त्या दिवसांत कोल्हापुरातला कुठलाच टेलर तुम्हाला उभं करून घेणार नाही, आमच्याकडं तर ब्लाउजांचे गठ्ठे छतापर्यंत लागतात. कोटाचं कापड गणपतीच्या आधीच टाका, पहिली ट्रायल गौरी जेवायच्या आत आणि दुसरी घटस्थापनेच्या आत. कापड आपल्या कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला बघितलंत तर निवड जास्त मिळेल, आणि सासूबाईंना सोबत घेऊन जा. तागा खांद्यावर टाकून त्यांना दुकानाच्या दारात उजेडात उभं करा आणि रंग त्यांचा त्यांना ठरवू द्या.